कंपन्या सप्लायरची चौकशी का करायला लागल्यात? भोसरीतल्या एका प्रेस शॉपवरून समजून घेऊ

माझ्या मामेभावाचं भोसरी एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप आहे, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून-कापून पार्ट बनवायचा कारखाना. २८ माणसं, ११ पॉवर प्रेस, पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवतात, ते चाकणच्या एका मोठ्या वेंडरकडे जातात आणि तिथून गाडीच्या कंपनीत. मागे एका गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, तो लॅपटॉप घेऊन घरी आला आणि चहाला पण न थांबता म्हणाला, ताई हे बघ ना काय पाठवलंय. एक्सेल शीट, ८६ प्रश्न. तुमचं कार्बन उत्सर्जन किती, मानवी हक्क धोरण आहे का, बालकामगार नाहीत हे कसं तपासता, तुमच्या सप्लायरचं मूल्यांकन तुम्ही कसं करता. शेवटची तारीख पुढचा शुक्रवार. आणि खाली एक ओळ, माहिती न आल्यास नवीन पार्टच्या कोटेशनसाठी विचार होणार नाही.

त्याचं म्हणणं एकच. "मी ब्रॅकेट बनवतो गं. मानवी हक्क कुठून आणू?"

मी बरीच वर्षं एका कंपनीत वेंडर क्वालिटीला होते, म्हणजे असे फॉर्म पाठवणाऱ्यांच्या बाजूला बसलेय आणि भरून आलेल्या फॉर्मचं पुढं काय होतं (पुष्कळदा काहीच होत नाही, फोल्डरमध्ये जाऊन पडतात) हे पण बघितलंय. आता पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव जिकडे बघाल तिकडे छोट्या कारखानदारांकडे हेच फॉर्म येऊन पडतायत आणि लोक एकतर घाबरतायत नाहीतर कन्सल्टंटला पैसे देऊन सगळीकडे "हो" लिहून मोकळे होतायत. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

स्थळ बघण्यासारखंच आहे हे

लग्न जमवताना आपण काय करतो? आधी बायोडाटा येतो. त्यात मुलगा निर्व्यसनी, घरचे सुसंस्कृत, अपेक्षा काही नाहीत. मग कांदेपोहे. त्या दिवशी घर लख्ख, पडदे नवीन, आणि एरवी भांडणारे काका आज गोड बोलतायत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे चौकशी, जी आपली आत्या करते, मुलाच्या सोसायटीतल्या वॉचमनपासून ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीपर्यंत. आणि सगळ्यांना माहीत असतं की यातलं खरं कशातून कळतं.

सप्लायरचं मूल्यांकन याच तीन गोष्टींचं आहे. बायोडाटा म्हणजे ती ८६ प्रश्नांची शीट. कांदेपोहे म्हणजे तारीख कळवून केलेलं ऑडिट. आणि चौकशी म्हणजे कागद एकमेकांशी ताडून बघणं, कामगारांशी मालक नसताना बोलणं, न सांगता जाणं. पूर्वी कंपन्या सप्लायरकडे तीनच गोष्टी बघायच्या, रेट काय, क्वालिटी कशी, डिलिव्हरी वेळेवर आहे का. आता चौथी आलीय, माल बनवताना माणसांचं आणि नदी-हवा-जमिनीचं काय करता. याला ऑफिसात ईएसजी म्हणतात, पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं. बास, एवढाच तो शब्द, पुढं तो फारसा लागणार नाही.

पण अचानक आत्ताच का?

अचानक नाहीये, आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागला इतकंच. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली, आत कपडे शिवणारे कारखाने होते, ११०० पेक्षा जास्त माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद केली गेली, पण शिलाईवाल्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. ढिगाऱ्यातून युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या ब्रँडची लेबलं निघाली, आणि "आम्ही फक्त विकत घेतो, कारखाना आमचा नाही" हे उत्तर तिथून पुढं चालेना.

मग हळूहळू कायदे आले. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून सप्लाय चेनचा कायदा लागू झाला, आधी ३००० आणि २०२४ पासून १००० कर्मचाऱ्यांच्या वरच्या कंपन्यांना. युरोपियन युनियनने सीबॅम आणलं, साध्या भाषेत सांगायचं तर बाहेरून येणाऱ्या लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं वगैरेवर ते बनवताना किती कार्बन सोडला त्याप्रमाणे शुल्क. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशोब सुरू झाला, आणि त्यात नट-बोल्ट पण येतात, त्यामुळे आपल्याकडचे फास्टनरवाले एक्स्पोर्टर आधी जागे झाले. इकडे भारतात सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला, म्हणजे वार्षिक अहवालात पैशाच्या हिशोबाबरोबर पाणी, वीज, कचरा, अपघात, पगार यांचा पण हिशोब. पुढचं पाऊल होतं की पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या मोठ्या सप्लायरची माहिती पण द्यायची, ज्यांचा खरेदीत २ टक्के किंवा जास्त वाटा आहे त्यांची. ते मार्च २०२५ मध्ये सेबीने वर्षभर पुढे ढकललं आणि ऐच्छिक केलं.

आता माझा भाऊ म्हणणार मी कुठे २ टक्क्यात बसतो. नाहीच बसत. पण वरच्याने खालच्याला विचारलं, त्याने त्याच्या खालच्याला, असं करत करत तो फॉर्म भोसरीच्या शेडमध्ये आला. पाण्याची टाकी वरून भरते आणि ओव्हरफ्लो तळमजल्यावाल्याच्या अंगणात होतो तसं.

कार्बनचा हिशोब, एकदाच, कागद-पेन घेऊन

यात सगळ्यात जास्त लोक घाबरतात आणि खरं तर सगळ्यात सोपं हेच आहे. हिशोबाचे तीन कप्पे असतात, त्याला स्कोप म्हणतात. घरातलं बघा. आपण स्वतः गॅस जाळला तो पहिला कप्पा. महावितरणची वीज वापरली, जी दुसरीकडे कोळसा जाळून बनली, तो दुसरा. आणि आपण आणलेल्या गव्हा-तेलाच्या मागे शेतात, गिरणीत, ट्रकमध्ये जे जळलं तो तिसरा. तुमच्यापर्यंत फॉर्म आला त्याचं कारण हे की तुम्ही कस्टमरच्या तिसऱ्या कप्प्यात आहात.

भावाचं जनरेटर महिन्याला साधारण १२० लिटर डिझेल पितं. एका लिटरला २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे सव्वातीनशे किलो. वीज ९००० युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो धरा, म्हणजे साडेसहा टन झाले. आणि पत्रा महिन्याला ४० टन. भारतात एक टन स्टील बनवताना सरासरी अडीच टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे झाले १०० टन.

हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि तो गप्प बसला. कारण तो आठवडाभर एलईडी ट्यूब लावू का, छतावर सोलर बसवू का याचं टेन्शन घेत होता (सोलर जरूर बसवावं, वीजबिल कमी होतं, पण ते वेगळं) आणि खरा डोंगर त्या पत्र्याच्या कॉइलमध्ये होता. बरं आता त्यातली गंमत बघा, पत्रा कुठल्या मिलचा घ्यायचा हे त्याच्या हातात नाही, कस्टमरनेच नॉमिनेट करून, म्हणजे ठरवून दिलाय. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केलीय, टनाला २.२ टनापेक्षा कमी कार्बन असेल तर ते ग्रीन धरायचं आणि जेवढं कमी तेवढे स्टार, पण तो पत्रा महाग पडला तर रेट वाढवून कोण देणार? याचं उत्तर त्या ८६ प्रश्नांत कुठेच नव्हतं.

त्याच्या हातात काय आहे तर स्क्रॅप. ४० टनातले २७ टन पार्ट होतात, बाकी जाळी भंगारात जाते. स्ट्रिपचा लेआउट बदलून, दोन पार्ट आमनेसामने बसवून, पत्रा ३ टक्के वाचला तरी सव्वा टनाच्या आसपास पत्रा कमी लागतो, म्हणजे जवळपास ३ टन कार्बन. भंगार परत वितळतं म्हणून खरा फायदा थोडा कमी धरायचा, पण तरी तो विजेच्या हिशोबाशी तुलना होईल एवढा आहे, आणि वर पत्र्याचे पैसे वाचले ते वेगळे. त्याचा डायमेकर, म्हणजे प्रेसमधला साचा (डाय) बनवणारा, हे चार वर्षं सांगत होता म्हणे. असो.

बोटं, पगार आणि दरवाजा

पर्यावरणावर सगळे बोलतात, माझ्या मते प्रेस शॉपमध्ये पहिला प्रश्न बोटांचा असायला पाहिजे. सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जखमी झालेल्या कामगारांचे अहवाल काढते, सुरुवात गुरुग्राम-मानेसरकडून झाली, आता त्यात महाराष्ट्र पण आहे, आणि अपघाताच्या मशीनमध्ये पॉवर प्रेस कायम वर असतो. आणि हे अपघात मोठ्या कंपनीच्या आवारात फार होत नाहीत, ते खालच्या पायरीवर होतात, भावाच्या शेडसारख्या शेडमध्ये.

फॉर्ममध्ये प्रश्न होता, प्रेसला लाइट कर्टन आहे का, हो किंवा नाही. लाइट कर्टन म्हणजे प्रेसच्या तोंडासमोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा, हात मधे आला की प्रेस जागीच थांबतो. छान. पण भावाचे ११ पैकी ७ प्रेस जुने, चावीच्या क्लचचे. त्या प्रेसची एकदा चावी लागली की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय तो थांबतच नाही, मग पडदा लावा नाहीतर तोरण बांधा. तिथे डायलाच बंद गार्ड पाहिजे, हात आत जायला जागाच ठेवायची नाही, किंवा न्यूमॅटिक क्लच, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा आणि मधेच थांबवता येणारा, बसवायचा, ज्याला पैसे लागतात. म्हणजे एखाद्याने त्या जुन्या प्रेसवर लाइट कर्टन लावून "हो" लिहिलं तर मार्क पूर्ण आणि बोट धोक्यात, आणि दुसऱ्याने साधा पत्र्याचा गार्ड वेल्ड केला आणि "नाही" लिहिलं तर मार्क शून्य आणि बोट शाबूत. हे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. दोन हातांच्या बटनांचं पण तसंच, दोन्ही हात बटनावर असल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून ती असतात आणि टार्गेटच्या नादात एक बटन टेपने कायमचं दाबून ठेवलेलं मी स्वतः कितीतरी ठिकाणी बघितलंय.

मग पगार. २८ पैकी १७ जण लेबर कॉन्ट्रॅक्टरचे. फॉर्मला उत्तर "सर्व कायदे पाळले जातात". बरं, कॉन्ट्रॅक्टर पीएफ कापतो, पण भरतो का? ते बघायला चलनाबरोबरची नावांची यादी मागायची आणि पाच-सहा पोरांना त्यांच्या मोबाइलवर पासबुक उघडायला सांगायचं, दहा मिनिटांचं काम आहे, त्याला परदेशी ऑडिटर लागत नाही. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. ओव्हरटाइम लपवायचा असेल तर हजेरी पुस्तकात लपतो, पण हजेरीत गुरुवारी सुट्टी आणि डिलिव्हरी चलनावर गुरुवारची तारीख असली तर आत्याबाईंना लगेच कळतं.

आणि दरवाजा. ७ जून २०२१ ला मुळशीत उरवड्याच्या केमिकल कारखान्यात आग लागली, पंधराहून जास्त जीव गेले, बहुतेक बायका. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या शेडला आग लागली, तिथे पण बायकाच. राणा प्लाझा लांब वाटत असेल तर तळवडं भोसरीहून किती लांब आहे ते बघा. बाहेर पडायला किती वाटा आहेत, त्या आतून उघडतात का, आणि त्यांच्यासमोर माल रचून ठेवलाय का, हे तीन प्रश्न कुठल्याही धोरणाच्या पीडीएफपेक्षा जास्त सांगतात.

माझ्या शेडमध्ये तर काहीच घाण नाही!

हे भावाचं वाक्य. आणि ते खरंय, प्रेस शॉपमधून सांडपाणी कितीसं निघणार. त्याने "घातक कचरा निर्माण होतो का" पुढे बिनधास्त "नाही" लिहिलं होतं.

मी विचारलं, मशीनचं जुनं ऑइल कुठं जातं? भंगारवाला नेतो की, पैसे पण देतो. झालं. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यातच येतं, ते परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं, सोबत मॅनिफेस्ट म्हणजे कुणी दिलं, कुणी नेलं, कुठं पोचलं याची पावती हवी, आणि साठवून ठेवायचं तर साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. हे २०१६ च्या नियमांत आहे. मग विचारलं, ब्रॅकेटवर ती झिंकची चमक कोण चढवतं? तर म्हणे, ते प्लेटिंगवाला करतो, पलीकडच्या गल्लीत, माझा काय संबंध.

इथेच सगळी मेख आहे. प्लेटिंग म्हणजे अ‍ॅसिड, झिंक, क्रोमियमचं पाणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत इलेक्ट्रोप्लेटिंग लाल गटात, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्यांत येतं. त्याला पाणी शुद्ध करायचा प्लांट, म्हणजे ईटीपी, हवा आणि त्यातून निघणारा गाळ रांजणगावसारख्या ठिकाणच्या घातक कचऱ्याच्या सुविधेकडे जायला हवा. तो जातोय का गटारातून पवना-इंद्रायणीकडे जातोय हे भावाला माहीत नाही, चाकणच्या वेंडरला तर प्लेटिंगवाल्याचं नाव पण माहीत नाही आणि गाडी कंपनीला गल्लीच माहीत नाही. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की आपण सगळे मोबाइलवर फोटो फॉरवर्ड करतो आणि शिव्या घालतो, त्यात घरांचं सांडपाणी पण भरपूर असतं हे खरं, पण त्या फेसात आपल्या कुठल्या ब्रॅकेटचा वाटा आहे का हे कुणी तपासलेलंच नसतं.

जेवढं खाली जाल तेवढा अंधार वाढतो. गाडीच्या रंगातली जी चमक असते त्यात अभ्रक असतं, आणि २०१६ मध्ये बातम्या आल्या की झारखंड-बिहारच्या बेकायदा अभ्रक खाणींत मुलं काम करतायत आणि मरतायत. रंग विकत घेणाऱ्या कंपनीपासून ती खाण किती पायऱ्या खाली असेल विचार करा. बॅटरीतल्या कोबाल्टचं तेच, त्यातला मोठा हिस्सा काँगोतून येतो.

वेंडर ४००, माणूस एक, जायचं कुणाकडे?

माझ्या जुन्या डिपार्टमेंटमध्ये हाच घोळ होता. आम्ही खरेदीच्या रकमेप्रमाणे यादी लावायचो आणि वरच्या वीसांकडे जायचो. वरचे वीस म्हणजे मोठे, व्यवस्थित, एसी मीटिंग रूम आणि ढोकळा. आणि यादीच्या तळाशी जे वर्षाला दोन-तीन लाखांचं काम करायचे, प्लेटिंग, पावडर कोटिंग, फाउंड्री, बफिंग, त्यांच्याकडे कुणी कधी फिरकलंच नाही. धोका सगळा तिथे होता. आता शहाण्या कंपन्या आधी प्रोसेस काय आहे, माल कुठून येतो, कॉन्ट्रॅक्टची माणसं किती, यावरून धोका ठरवतात आणि तिकडे माणूस पाठवतात, बाकीच्यांना फॉर्मवर सोडतात. ऐकायला साधं आहे पण अजून बऱ्याच ठिकाणी होत नाही, कारण ढोकळा मिळतो तिथे जायला सगळ्यांनाच आवडतं.

सर्टिफिकेट आहे की, मग काय प्रॉब्लेम?

सर्टिफिकेट म्हणजे कांदेपोह्यांचा फोटो. उपयोग आहे त्याचा, नाही असं नाही, पर्यावरणाचं आयएसओ १४००१ घेतलेल्या कारखान्यात निदान कचऱ्याचं रजिस्टर तरी सापडतं. पण ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीत कपड्याच्या एका कारखान्याला आग लागली, २५० हून जास्त कामगार मेले, आणि त्या कारखान्याला कामगारांच्या हक्कांचं एसए ८००० हे नावाजलेलं सर्टिफिकेट मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांची पण सोशल ऑडिट झालेली होती, फक्त इमारत पक्की आहे का हे बघणं त्या ऑडिटच्या कामात बसतच नव्हतं.

मार्क देणाऱ्या कंपन्या पण आहेत, इकोव्हाडिस त्यातली मोठी, शंभरपैकी मार्क आणि वर मेडल. तिथे कागदाला वजन असतं, धोरण लिहिलेलं आहे का, आकडे नोंदवलेत का. त्यामुळे होतं काय की ज्याच्याकडे स्वतंत्र डिपार्टमेंट आहे त्याची पीडीएफ छान आणि मार्क छान, आणि भोसरीतला एखादा मालक जो कूलंट गाळून गाळून वर्षभर वापरतो, पोरांना पगार ७ तारखेच्या आत देतो, त्याच्याकडे धोरणाचा कागद नाही म्हणून तो मागे. म्हणून मार्क बघा पण मार्कावर ऑर्डर तोडू नका असं मी तरी म्हणेन.

आणि सगळ्यात मोठी गडबड अशी की खरं उत्तर दिलं तर ऑर्डर जाईल ही भीती. ८६ प्रश्नांना ८६ "हो" आले तर समजायचं की समोरचा आपल्याला घाबरतोय, त्यातून त्याच्या कारखान्याबद्दल काहीच कळलेलं नाही. चांगली कंपनी ती, जी "नाही" लिहिणाऱ्याला विचारते की कधीपर्यंत करशील आणि त्याला काय लागेल. बालकामगार, डांबून ठेवलेले कामगार, बंद केलेले दरवाजे, यात मुदत नाही, ते आजच्या आज. बाकीच्याला सहा महिने, वर्ष देता येतं.

हे सगळं गोऱ्यांचं नाटक नाही का?

थोडंफार आहे. युरोपाने स्वतःचाच मोठा सप्लाय चेनचा कायदा २०२४ मध्ये पास केला आणि २०२५ मध्ये तो पातळ करायला आणि पुढे ढकलायला घेतला, सेबीनेही सक्तीचं ऐच्छिक केलं, तेव्हा "हे चार दिवसांचं आहे, जाईल" म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही.

पण एक उदाहरण आपल्याच प्लेटिंगवाल्यांचं. पूर्वी झिंकवर जो पिवळा, इंद्रधनुषी थर यायचा तो सहा संयुजेच्या क्रोमियमचा, तो कॅन्सर करणारा आहे. युरोपाने गाड्यांच्या पार्टमध्ये त्याला बंदी घातली, गंजरोधक थरांसाठीची मुदत १ जुलै २००७ ला संपली. मग एक्स्पोर्टचा माल करणाऱ्या कंपन्यांनी इथल्या प्लेटिंगवाल्यांना सांगितलं की ट्रायव्हॅलंट, म्हणजे तीन संयुजेच्या कमी घातक क्रोमियमचं प्लेटिंग, करा नाहीतर काम बंद, आणि केलं त्यांनी, आज शेडमध्ये कुणालाही विचारा, ट्रायव्हॅलंट हा शब्द तिथे वरणभातासारखा झालाय. फायदा कुणाचा झाला? युरोपातल्या गाडीवाल्याचा झालाच असेल, पण त्या टाकीवर दिवसभर उभ्या असलेल्या पोराचा जास्त झाला.

छोट्याला परवडायचं कसं?

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. काही मदत आहे, केंद्राच्या झेड योजनेत सर्टिफिकेशनच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघु उद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत मिळते, महिलांच्या उद्योगांना तर फुकट. पण खरा खर्च सर्टिफिकेटचा नसतोच, गार्डचा असतो, क्लचचा असतो, वेळेचा असतो.

इथे फॉर्म पाठवणाऱ्याकडे पण बोट जातं. कायद्याने छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, आणि आता उशीर केला तर आयकरात तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, तरी पैसे कधी येतात हे ज्याचं त्याला माहीत. बुधवारी संध्याकाळी शेड्यूल वाढवायचं, शुक्रवारी सकाळी माल हवा, लाइन थांबली तर डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापणार, आणि मग फॉर्ममध्ये विचारायचं की तुमच्याकडे गुरुवारी ओव्हरटाइम होतो का? होतो की! तुमच्यामुळेच होतो. मी पण हे केलंय, त्याच खुर्चीत बसून, सकाळी शेड्यूल वाढवायचा मेल आणि दुपारी ओव्हरटाइम कमी करा म्हणून मेल, दोन्हीवर सही माझीच. दरवर्षी रेट कमी करा म्हणणाऱ्या कंपनीने सप्लायरला चांगुलपणाचे प्रश्न विचारताना स्वतःची पेमेंटची तारीख पण त्याच शीटमध्ये लिहावी असं मला फार वाटतं.

मग त्या ८६ प्रश्नांचं काय झालं

दोन गुरुवार बसलो. मुदत वाढवून मागितली, मिळाली, कुणी विचारलं पण नाही. ३१ ठिकाणी "नाही" लिहिलं आणि प्रत्येकापुढे तारीख टाकली किंवा लिहिलं की हे आमच्या हातात नाही, पत्रा तुम्ही नॉमिनेट केलाय. ऑइलसाठी परवानगीवाला रिसायकलर शोधला, तो भंगारवाल्यापेक्षा कमी पैसे देतो.

५२ नंबरला प्रश्न होता, गेल्या तीन वर्षांत गंभीर अपघात किती. त्याने शून्य लिहिलं होतं. मी काही बोलले नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं, कारण सात नंबरच्या प्रेसवरच्या पोराचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर मी पण बसले होते. बराच वेळ तो कर्सर तसाच ठेवून बसला. मग शून्य खोडून एक लिहिलं, आणि सात नंबरला नंतर लावलेल्या गार्डचा फोटो जोडला.

मागच्या आठवड्यात चाकणहून फोन आला, बघायला येतो म्हणाले. भाऊ म्हणाला गुरुवार सोडून कधीही या. तिकडून विचारलं, सात नंबरचा प्रेस त्या दिवशी चालू ठेवाल का? ठेवू म्हणाला. प्लेटिंगवाल्याच्या कन्सेंटची, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीची, झेरॉक्स मात्र अजून आलेली नाही, रोज विचारलं की म्हणतो, उद्या देतो शेठ.